गाठ, सुई आणि लेसर

स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांना लेसर पहिल्यांदा दिसतो तो रेडिएशनच्या खोलीत, आणि तिथे तो काहीच जाळत नाही. भिंतींवर आणि छतावर बसवलेल्या छोट्या डब्यांतून हिरव्या किंवा लाल रेषा निघतात आणि टेबलावर झोपलेल्या बाईच्या छातीवर एकमेकींना छेदतात. तंत्रज्ञ तिला किंचित इकडे, किंचित तिकडे सरकवतो. उपचार सुरू होण्याआधी सीटी स्कॅनच्या वेळी तिच्या त्वचेवर सुईने गोंदलेले किंवा शाईने काढलेले ठिपके या रेषांखाली आले, की सगळे खोलीबाहेर जातात, जाड दार लागतं आणि मशीन सुरू होतं. उपचार करतात ते त्यानंतर येणारे क्ष-किरण, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. दिसलेला असतो फक्त लेसर. त्यामुळे घरी येऊन ‘लेसर चालू आहे’ असं सांगणारी बाई प्रत्यक्षात रेडिएशन घेत असते. लेसरचं इथलं काम गवंड्याच्या ओळंब्याचं. रेष सरळ आहे की नाही एवढंच तो सांगतो, भिंत दुसरंच कुणी बांधतं.

हा गोंधळ होणं साहजिक आहे. तालुक्याच्या गावातही आज ‘लेसरने मूळव्याध’, ‘लेसरने मुतखडा’ असे फलक लागलेले असतात. चिरा नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. मग स्तनातली गाठही तशीच का जाळून टाकता येऊ नये? प्रश्न चुकीचा नाही. जगात काही शल्यविशारदांनी आयुष्यातली बरीच वर्षं याच प्रश्नामागे घालवली आहेत. पण उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण या आजारात लेसर निरनिराळ्या रूपांत येतो. गाठ मारण्याच्या कामात तो चाळीस वर्षं उंबरठ्यावरच उभा आहे. उपचारांनी झालेला त्रास कमी करण्याच्या कामात त्याने थोडी जागा मिळवली आहे. आणि जिथे त्याची जाहिरात सगळ्यात जोरात होते, तिथे पुरावा सगळ्यात पातळ आहे.

पहिला लेसर १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या छोट्या दांड्यातून काढला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रेस्बिटेरियन रुग्णालयात तो एका रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्यावरची गाठ जाळायला वापरला गेला. म्हणजे माणसावरचा त्याचा अगदी सुरुवातीचा उपयोगही गाठीवरचाच. पण डोळ्यात प्रकाश आपोआप आत जातो, ती सोय स्तनात नाही. तिथे त्वचा, चरबी आणि दुधाच्या ग्रंथी ओलांडून जावं लागतं, आणि कुठला प्रकाश किती आत जाईल हे त्याच्या तरंगलांबीवर ठरतं.

१९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दोन वेगळे लेसर तयार झाले आणि शस्त्रक्रियेच्या दृष्टीने दोन वेगळे रस्ते फुटले. पहिला कार्बन डायऑक्साइड वायूचा. तो बनवणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म बारामतीचा, १९३८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि तिथून बेलमध्ये. या लेसरचे किरण पाणी अधाशासारखं शोषतं. आपल्या पेशींमध्ये मुख्यतः पाणीच, त्यामुळे हा किरण मिलिमीटरच्या अंशातच संपतो आणि तेवढ्या जागेतल्या पेशींची वाफ करतो. उत्तम सुरी! दुसरा निओडिमियम-याग या स्फटिकाचा. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. ती रक्तही फारशी शोषत नाही आणि पाणीही नाही, म्हणून तो काही मिलिमीटर आत शिरतो, वाटेत विखुरतो आणि हळूहळू आजूबाजूचं सगळं तापवतो. अंधारात टॉर्चवर बोटं ठेवून पाहिलं तर बोटं लाल दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्तात अडतो, लाल तेवढा पार होतो. साधारण ६५० पासून ११०० नॅनोमीटरपर्यंत शरीरात अशी एक खिडकी उघडी असते, आणि गाठ जाळणारे लेसर याच खिडकीतून आत जातात.

सुरीच्या रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरने स्तन काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, पण विजेची कॉटरी तेच काम स्वस्तात करते आणि ती प्रत्येक ऑपरेशन थिएटरात असते. कापायचंच असेल तर कशाने कापलं याने रोगाच्या भवितव्यात फरक पडत नाही.

न कापता गाठ मारायची कल्पना मात्र खरोखर नवी होती. लंडनचे डॉक्टर स्टीफन बाऊन यांनी १९८३ मध्ये ती मांडली. लेसरचा उजेड केसासारख्या काचेच्या तंतूतून जातो. तो तंतू सुईतून थेट गाठीच्या पोटात नेला आणि कमी शक्तीचा किरण काही मिनिटं सोडून ठेवला, तर गाठ आतून बाहेर शिजत येईल. वाफ होऊ द्यायची नाही, फक्त शिजवायचं. स्तनाच्या बाबतीत हे काम चिकाटीने पुढे नेलं शिकागोच्या रश विद्यापीठातल्या कांबिझ दौलतशाही यांनी, नव्वदच्या दशकात.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. बाई एका उंच टेबलावर पालथी झोपते. टेबलाला भोक असतं, त्यातून स्तन खाली येतो आणि मॅमोग्राफीच्या पट्ट्यांमध्ये हलकेच दाबून स्थिर केला जातो. वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरण चित्रं घेऊन संगणक गाठीचं नेमकं ठिकाण काढतो. त्वचेला स्थानिक भूल. बाई जागी असते. दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची एक सुई गाठीच्या मध्यापर्यंत नेली जाते, तिच्यात लेसरचा तंतू असतो आणि तंतूच्या कडेने सलाईन ठिबकत राहतं. हे ठिबकणं महत्त्वाचं. तंतूचं टोक फार तापलं तर भोवतालच्या पेशी जळून कोळसा होतो, कोळसा उजेड पुढे जाऊ देत नाही आणि बाहेरची गाठ कच्चीच राहते. स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग पहिल्या सुईपासून बरोबर एक सेंटीमीटर अंतरावर, तिला समांतर दुसरी सुई जाते. ती फक्त थर्मामीटर आहे. लेसर सुरू झाला की सगळ्यांचे डोळे या दुसऱ्या सुईच्या आकड्याकडे. शरीराचं तापमान ३७ अंश, तिथून तो चढत जातो. ४५-५० अंशांना पेशी मरतात पण त्याला वेळ लागतो. ६० अंशांवर प्रथिनं लगेच गोठतात आणि पेशीला परतीचा रस्ता राहत नाही. दूरच्या सुईने ६० दाखवले, म्हणजे मधल्या एक सेंटीमीटर त्रिज्येतलं सगळं त्याहून जास्त तापलं असणार. लेसर बंद. हे सगळं साधारण वीस मिनिटांत आटोपतं. सुया निघतात, तिथे एक पट्टी लागते. शिजलेला गोळा शरीर पुढचे महिने सावकाश खात राहतं. मागे वणाचा घट्ट भाग किंवा तेलकट द्रवाची पोकळी उरते.

एवढं सुटसुटीत असेल तर ते सगळीकडे का होत नाही?

अडचण ‘गाठ पूर्ण मेली’ हे सिद्ध करण्यात आहे. शस्त्रक्रियेत गाठ भोवतालच्या निरोगी भागासह बाहेर निघते, पॅथॉलॉजिस्ट तिच्या कडांना शाई लावतो, काप काढतो आणि शाईपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोचल्या आहेत का ते सांगतो. लेसरमध्ये बाहेर काहीच येत नाही. म्हणून सुरुवातीच्या अभ्यासांत आधी लेसर आणि काही आठवड्यांनी नेहमीची शस्त्रक्रिया असा क्रम ठेवला होता. काढलेला भाग कापला की त्यात एकात एक कडी दिसतात: मध्ये सुईच्या जागेची पोकळी, भोवती फिकट मेलेला भाग, कडेला लालसर रेघ. पण पॅथॉलॉजिस्टांना त्यातही चकवा बसायचा. तंतूच्या अगदी जवळच्या पेशी इतक्या झटकन गोठतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या धडधाकट दिसतात. काढलेला तुकडा टिकवायला वापरतात त्या फॉर्मेलिनने जे व्हायचं ते उष्णतेने आधीच झालेलं असतं. त्या मेल्या आहेत हे कळायला वेगळी रंगप्रक्रिया लागते, जिवंत पेशींतली विकरं चालू आहेत का ते पाहणारी. मृत्यूचा दाखला द्यायला इतकी खटपट लागते, हे वाचून मला तरी या उपचाराबद्दल आदर आणि शंका दोन्ही वाढल्या.

२०१८ साली अनेक केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन सेंटीमीटर किंवा त्याहून लहान गाठ असलेल्या ६१ स्त्रिया, आधी लेसर, मग शस्त्रक्रिया. ५१ जणींमध्ये गाठ पूर्ण मेलेली आढळली, म्हणजे १०० पैकी ८४. शस्त्रक्रियेआधीच्या एमआरआयने ‘काही उरलेलं नाही’ असं म्हटलं तेव्हा ते दहापैकी नऊपेक्षा जास्त वेळा खरं निघालं. आकडे वाईट नाहीत. पण उरलेल्या दहा जणींकडे बघा. त्यांच्यावर नंतर शस्त्रक्रिया झाली म्हणून त्या सुरक्षित राहिल्या. उद्या लेसरनंतर काहीच करायचं नाही असं ठरलं तर या दहा जणींना आज ओळखणार कसं? सगळा प्रश्न या दहांचा आहे.

शिवाय लेसरची स्पर्धा कुणाशी आहे हेही पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॅल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी असं सगळं निघायचं. लेसरला त्या शस्त्रक्रियेशी लढायचं असतं तर तो केव्हाच जिंकला असता. पण ती लढाई आधीच संपली. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी सत्तरच्या दशकात चाचण्या सुरू केल्या: एका गटात पूर्ण स्तन काढायचा, दुसऱ्यात फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून रेडिएशन द्यायचं. वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. जगण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखे. त्यामुळे आज लहान गाठीसाठी लेसरचा प्रतिस्पर्धी म्हणजे तासाभराची, चार-पाच सेंटीमीटरच्या चिऱ्याची शस्त्रक्रिया. तिच्या पाठीशी वीस वर्षांचा हिशेब आहे. लेसरच्या पाठीशी तो नाही. आणि लेसरनंतरही रेडिएशन टळतं असं नाही, काखेतल्या गाठींची तपासणी टळते असंही नाही. म्हणजे वाचतो तो चिरा आणि स्तनाच्या आकारातला थोडा फरक. हा फायदा खराच आहे, पण एवढाच आहे.

गाठीचे काही प्रकार तर या रांगेत बसतच नाहीत. दुधाच्या नळ्यांतून लांबवर पसरलेला सुरुवातीचा रोग किंवा एकेका पेशीच्या रांगा करत पसरणारा लोब्युलर प्रकार मॅमोग्राफीत दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात मोठा असू शकतो. त्वचेला किंवा छातीच्या स्नायूला चिकटून असलेली गाठ तापवायला गेलं तर तेही भाजतात. दरम्यान सुईच्याच वाटेने दुसरा स्पर्धक पुढे सरकला आहे: शिजवण्याऐवजी गोठवणं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात साठीच्या पुढच्या १९४ स्त्रियांच्या दीड सेंटीमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठी गोठवल्या गेल्या आणि त्या नंतर काढल्याच नाहीत. लेसरला जे धाडस अजून मोठ्या प्रमाणावर करता आलेलं नाही ते बर्फाने केलं. गोठवण्याला एक सोयही आहे: बर्फाचा गोळा सोनोग्राफीत वाढताना दिसतो, आणि थंडी स्वतःच जागा बधिर करते.

उष्णता अजिबात न वापरणारा लेसरचा आणखी एक रस्ता आहे. त्याची सुरुवात लेसरच्याही साठ वर्षं आधीची. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर परिणाम तपासत होता. त्याच्या लक्षात आलं की रंग दिलेले जीव उजेडात मरतात आणि अंधारात जगतात. रंग एकटा निरुपद्रवी, उजेड एकटा निरुपद्रवी. दोन्ही एकत्र आले आणि ऑक्सिजन असला की विष. अमेरिकेतल्या बफेलो इथल्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉगर्टी यांनी याचा उपचार बनवला. रक्तातून तयार केलेलं एक द्रव्य शिरेतून द्यायचं, एक-दोन दिवस थांबायचं, म्हणजे ते गाठीत साठून राहतं, आणि मग गाठीवर लाल प्रकाश टाकायचा. १९७८ मध्ये त्यांनी २५ रुग्णांच्या त्वचेतल्या आणि त्वचेखालच्या ११३ गाठींचा अहवाल दिला; १११ गाठी पूर्णपणे किंवा काही प्रमाणात वितळल्या होत्या. स्तन काढल्यानंतर छातीच्या त्वचेवर पुन्हा उगवलेल्या गाठींसाठी ही पद्धत विशेष वापरून पाहिली गेली. अशा गाठी फुटतात, वाहतात, त्यांना वास येतो. पुन्हा शस्त्रक्रियेला कातडी शिल्लक नसते, रेडिएशनची मात्राही अनेकदा संपलेली असते.

मर्यादा दोन. ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश जेमतेम अर्धा ते एक सेंटीमीटर आत जातो, म्हणून हा उपचार पृष्ठभागावरच्या गाठींचाच. आणि ते द्रव्य त्वचेतही राहतं, त्यामुळे किमान तीस दिवस ऊन टाळायचं, खिडकीजवळचं सुद्धा. नेहमीचं सनस्क्रीन इथे उपयोगाचं नाही, कारण त्रास अतिनील किरणांचा नसून दिसणाऱ्या उजेडाचा. मे महिन्यात अकोल्याला किंवा जळगावला हे पाळायला सांगून बघा! द्रव्याला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. स्तनाच्या रुग्णांसाठी ते मुख्यतः अभ्यासांच्या चौकटीतच राहिलं.

आता ज्या लेसरने काहीच मरत नाही तो. १९६७ साली बुडापेस्टचे एंड्रे मेस्टर लेसरने कर्करोग होतो का ते पाहत होते. उंदरांच्या पाठी भादरून त्यांनी त्यांवर मंद रुबी लेसर टाकला. कर्करोग झाला नाही. उलट लेसर पडला त्या उंदरांचे केस भराभर उगवले. मंद लेसर पेशींना चालना देतो, सूज आणि जखम भरण्यावर परिणाम करतो, या शाखेची सुरुवात इथून. पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांतलं एक प्रथिन हा उजेड पकडतं असं मानलं जातं. या शाखेत खरं काम आणि भोंदूपणा इतके शेजारी-शेजारी बसलेले आहेत की प्रत्येक दाव्याला वेगळं तपासावं लागतं.

स्तनाच्या रुग्णांच्या बाबतीत त्यातला एक दावा गंभीरपणे घेण्याजोगा आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर किंवा तिथे रेडिएशन दिल्यावर हातातल्या लसिकेचा निचरा अडतो आणि हात सुजतो. कधी ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी. पहिली खूण बाईला स्वतःलाच कळते: ब्लाउजची एकच बाही दंडाला रुतायला लागते, त्या हातातल्या बांगड्या चढत नाहीत. पुढे हात जड होतो आणि कातडी जाड. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काखेवर ९०४ नॅनोमीटरच्या मंद लेसरचे दोन टप्पे दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांच्या हाताचं आकारमान २०० मिलिलिटरहून जास्त उतरलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला या कामासाठी परवानगी दिली. एक तृतीयांश म्हणजे दोन तृतीयांशांना तेवढा फरक पडला नाही, हेही त्याच वाक्यात वाचायचं. घट्ट विणीची बाही, पट्ट्या, हलक्या हाताचा मसाज आणि व्यायाम हा पाया. लेसर त्याच्या जोडीला. बेल्जियममधल्या अभ्यासांत रेडिएशनने स्तनाची त्वचा सोलवटण्याचं प्रमाणही मंद लेसरने कमी झालं आहे. ही छोटी कामं आहेत, पण रोज कपडे घालताना भोगावा लागणारा त्रास त्यांनी कमी होतो, त्यामुळे मला ती गाठ जाळण्याच्या मोठ्या स्वप्नाइतकीच मोलाची वाटतात.

याच्या उलट गोष्ट योनीमार्गाच्या लेसरची. हार्मोनवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात पाच-पाच, दहा-दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी शरीरातलं इस्ट्रोजेन जवळपास संपतं. योनी कोरडी पडते, लघवीला जळजळ होते, संबंध नकोसे होतात. बायका हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि डॉक्टर बहुधा विचारत नाहीत. इस्ट्रोजेनचं मलम द्यायला कर्करोगतज्ज्ञ कचरतात. ही रिकामी जागा कार्बन डायऑक्साइड लेसरने भरली: तीन-चार बैठका, बिनदुखाच्या, महाग. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रांच्या अशा वापराबद्दल जाहीर इशारा दिला, कारण सुरक्षितता आणि परिणाम दोन्ही सिद्ध झालेले नव्हते. मग २०२३ मध्ये बार्सिलोनाहून एक नीट चाचणी आली. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांना खरा लेसर, निम्म्यांना नुसतं यंत्र लावण्याचं नाटक. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि दोन्हींना सारखंच. खोट्या उपचाराशी तुलना केली नसती तर हे यश म्हणून विकलं गेलं असतं. पाण्याच्या किंवा सिलिकॉनच्या वंगणाने काही जणींचं भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांनी कर्करोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना एकत्र विचारावं, संकोच करण्यासारखं त्यात काही नाही.

भारतात यातलं काय लागू पडतं? जागतिक कर्करोग नोंदीनुसार २०२२ साली देशात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि ९८ हजारांहून जास्त मृत्यू झाले. गाठ शिजवणाऱ्या सुईची पहिली अट दोन सेंटीमीटरची आहे. आपल्याकडे गाठ न दुखणारी म्हणून अंगावर काढली जाते, घरात कुणाला सांगायची म्हणून राहते, पेरणी किंवा मुलीचं लग्न उरकेपर्यंत राहते. त्यातल्या कित्येक गाठी डॉक्टरांपर्यंत पोचतात तेव्हा या अटीच्या कितीतरी पलीकडे गेलेल्या असतात.

म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलचं एक काम इथे आठवायला हवं, जरी त्यात लेसर नाही. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया घेऊन त्यांनी दोन गट केले. एका गटाकडे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी जाऊन हाताने स्तन तपासायच्या. दुसऱ्या गटाला फक्त माहिती. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निकाल आला. तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. सगळ्या वयांत मिळून मात्र घट १५ टक्के आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. टाटाच्याच पुढाकाराने देशातल्या अकरा केंद्रांत झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी मात्र सुईची. शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन हे नेहमीचं भुलीचं औषध टोचायचं, एवढंच. जवळपास १६०० स्त्रियांपैकी ज्यांना ते टोचलं त्यांतल्या ९०.१ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या, बाकीच्यांत ८६.४ टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आत. लेसरच्या यंत्राला असा फरक दाखवता आला असता तर त्याचे फलक चौकाचौकात लागले असते.

तरीही कुणी ‘लेसरने गाठ काढून देतो’ म्हणालंच, तर क्रम माहीत असलेला बरा. गाठ हाताला लागली की आधी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग जाड सुईची बायोप्सी. साधी गाठ, म्हणजे फायब्रोॲडिनोमा, निघाली तर ती बहुतेकदा नुसती पाहत राहिली तरी चालते. अशा साध्या गाठींसाठी लेसरच्या सुईला अमेरिकेत परवानगीही आहे. कर्करोग निघाला तर त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात, आणि पुढची गोळी, केमो, इंजेक्शनं सगळी त्यांवर ठरतात. बायोप्सी न करता गाठ जाळून टाकली, तर या तपासण्यांसाठी मागे पेशीच उरत नाहीत.